लाल डोळ्यांचा पक्षी आणि अण्णाचं पाणी

त्या सकाळी मी एकाच पक्ष्याचे दोनशेच्या वर फोटो काढले आणि मला एकदाही शंका आली नाही, याचा मला अजून राग येतो. सगळी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली. पोरांना घसा फोडून सांगायची, आधी नीट बघा आणि मग पेन्सिल उचला. निवृत्त झाल्यावर मुलानं लांब नळीचा कॅमेरा घेऊन दिला, तो मी गळ्यात अडकवला आणि बघायचंच तेवढं विसरले.

माझं माहेर नेसरीच्या अलीकडं. गावात जैनांची वीस-बावीस घरं, सगळी शेती करणारी, आणि त्यांच्या मधोमध बस्ती. आमच्याकडं जैन मंदिराला बस्तीच म्हणतात. बस्तीच्या मागं तळं आणि तळ्याच्या काठाला आमच्या घरची विहीर. आता घरात माझा थोरला भाऊ अण्णा आणि त्याची सून सुनंदा, दोघंच असतात. अण्णाचा मुलगा पुण्याला नोकरीत आहे. माघ संपून ऊन चटकायला लागलं होतं. आदल्या दिवशी मी कोल्हापुरातून स्वतः गाडी चालवत गेलते, मुक्काम केला आणि उजाडल्याबरोबर तळ्यावर उतरले.

तळं निम्म्यावर आलं होतं. काठचा चिखल वाळून तडकलेला, पाण्यावर हिरवी साय. वास येत होता, कुजका, पण उन्हाळ्यात तळ्याला वास येणारच असं म्हणून मी नाकाला पदर लावला. तेवढ्यात तो दिसला. आपल्या टिबुकलीपेक्षा, म्हणजे पाणडुबीपेक्षा, जरासा मोठा, मान काळी, डोळ्याच्या मागं सोनेरी केसांचा झुबका आणि डोळा लालभडक, वर कुंकवाचा थेंब पडल्यागत. असला पक्षी मी जन्मात बघितला नव्हता. पुस्तकात बघितला असेल तर लक्षात नव्हता.

मी चार पावलं पुढं गेले. तो हलला नाही. आणखी चार गेले, चिखलात गुडघे टेकले, तरी तो तिथंच. पाण्यातली पाखरं माणसाची चाहूल लागली की बुडी मारतात आणि कुठं तरी लांब वर येतात, फोटो काढणाऱ्याचा जीव खातात. हा बुडी मारेना. लांबच्या मुलखातून आलाय, माणसाला भ्यायला अजून शिकला नाही, असं मला वाटलं. त्यानं मान हळूहळू खाली आणली आणि पाण्यावर टेकवली. काय ती नजाकत, असं म्हणत मी बटण दाबत राहिले. मागं लांबवर दहा-बारा पांढरे बगळे बसले होते, तेही पुसटसे चौकटीत आले. मी इतकी खूश झाले की उठताना गुडघे दुखले तेही कळलं नाही.

त्या तळ्याचं पाणी मी प्यायलेली आहे. आम्ही सगळीच. आमच्या लहानपणी पावसाळा सरताना तळं बस्तीच्या खालच्या तिसऱ्या पायरीपर्यंत यायचं. पांढरी कमळं फुलायची आणि सकाळी त्यांच्यावर टिबुकल्यांचं ते खळखळ हसणं सुरू व्हायचं. एक हसली की पलीकडची हसायची. लव्हाळा कापून काठावर वाळत टाकलेला असायचा, त्याचा हिरवट गोडसर वास अंथरुणापर्यंत यायचा. थंडीत पलीकडच्या काठाला गुऱ्हाळ लागलं की काहिलीतल्या रसाचा वास पाण्यावरून यायचा. दिवाळीच्या पहाटे महावीरांच्या निर्वाणाचा लाडू चढवायला अव्वा आम्हांला बस्तीत न्यायची. आईला आम्ही अव्वा म्हणायचो, तिच्या माहेरच्या कानडीतलं. अंधारात घंटा वाजली की तळ्यावरचे बगळे एकदम उठायचे आणि पंखांचा फडफडाट मंडपात ऐकू यायचा.

आणि रोजचं म्हणजे पाणी गाळणं. विहिरीला पाणी तळ्याचंच, मातीतून झिरपून आलेलं. अव्वा पहिली घागर ओढायची आणि दुसरीच्या तोंडावर जाड सुती कापडाची दुहेरी घडी घालायची, मधे खळगा करून. पाणी धारेनं पडायचं, कापडावर बुडबुडे यायचे. गाळून झालं की आमच्यातलं खरं काम सुरू व्हायचं. कापडात अडकलेले जीव, डोळ्याला दिसणारे आणि न दिसणारे, गाळलेल्याच पाण्यानं अलगद एका छोट्या कळशीत उतरवायचे. त्याला जिवाणी म्हणायचं. त्या कळशीच्या बुडाला कडी होती. दोरी अशी बांधायची की कळशी सरळ खाली जाई आणि पाण्याला टेकली की मगच कलंडे. वरनं ओतायचं नाही, आपटून मरतात. जिथलं पाणी तिथंच सोडायचं, दुसरीकडं जगत नाहीत. घरात कुणी आजारी असो, कुणी वारलेलं असो, अव्वानं हे एक दिवस चुकवलं नाही.

मी चुकवलं. आठ-नऊ वर्षांची असेन. मला खेळायची घाई, मी जिवाणी विहिरीशेजारच्या अबोलीच्या बुडात ओतून मोकळी झाले. अव्वानं ओली माती बघितली. तिनं मला मारलं नाही. विहिरीच्या काठावर उन्हात बसवलं आणि ताकीद दिली की मी सांगेपर्यंत पाण्याला शिवायचं नाही. घसा सुकला, जीभ टाळ्याला चिकटली. अण्णा तेव्हा पंधरा-सोळाचा. तो शेतातून आला, काय झालं ते त्यानं विचारलं आणि हातातला तांब्या खाली ठेवून माझ्या शेजारी येऊन बसला. अव्वा म्हणाली तू कशाला, तरी उठला नाही. दुपारपर्यंत दोघंही तसंच बसलो.

असा तो पहिल्यापासून. त्याचं चांगुलपण अंगावर येतं माणसाच्या.

पुढं कमळं कधी गेली, मला सांगता येणार नाही. एका वर्षी आले तेव्हा होती, एका वर्षी नव्हती. लव्हाळा गेला, गुऱ्हाळ बंद पडलं, तळ्याच्या वरच्या अंगाला घरं झाली, शेड झाल्या, काय काय झालं. टिबुकल्या राहिल्या पण हसायच्या थांबल्या. घरोघर नळ आला, शेतोशेत बोअर आले आणि विहिरी बुजल्या. आमची राहिली ती अण्णामुळं. वहिनी गेल्यावर त्यानं बस्तीत उभं राहून नियम घेतला की मरेपर्यंत फक्त हातानं ओढलेलं, गाळलेलं आणि ज्याची जिवाणी माघारी सोडता येते तेच पाणी प्यायचं. नळाचं नाही, बाटलीचं नाही. बोअरचंही नाही, कारण त्याला तोंडच नाही, जीव सोडायचे कुठून? आणि सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब नाही. हा नियम त्यानं दहा वर्षं पाळला. तो आता पंचाहत्तरीला आलाय. लग्नाकार्याला गेला तर तहानलेला जायचा आणि तहानलेला यायचा. मी त्याला हट्टी म्हणायची, तोंडावर म्हणायची. तो हसायचा.

त्या दिवशी दुपारी मी कोल्हापूरला परत आले आणि संध्याकाळी लॅपटॉपवर फोटो उघडले. मोठे करून बघायला लागले तसा माझा आनंद उतरत गेला. त्या लाल डोळ्यावर दुधी पडदा अर्धा ओढलेला होता. एका फोटोत मान पाण्याच्या वर, पुढच्यात जरा खाली, त्याच्या पुढच्यात चोच पाण्यात. तो मान टेकवत नव्हता, त्याच्यानं ती धरवत नव्हती. मग मी मागचे बगळे मोठे केले. बगळे बसले नव्हते. आडवे पडले होते. एकाचा पाय वर होता.

आम्हां पाखरं बघणाऱ्यांचा मोबाइलवर एक गट आहे, त्यातल्या जाणत्या गृहस्थांना मी फोटो पाठवले. त्यांनी पक्ष्याचं नाव सांगितलं, काळ्या मानेची टिबुकली, थंडीत उत्तरेकडून येते, आपल्याकडं फार क्वचित. एरवी मी नाचले असते. पण त्यांनी लगेच फोन केला आणि अभिनंदन वगैरे काही नाही, थेट सांगितलं की पाखरांना हात लावू नका, पाण्यात विष झालं की अशी मान पडते. मग त्यांनी विचारलं, ते पाणी कुणी पीत नाही ना?

मी सुनंदाला फोन लावला. ती म्हणाली, मामंजींनी आत्ताच सूर्य मावळायच्या आत पाणी घेतलं, बस्तीत गेलेत. मी सगळं सांगितलं तर तिला पटेना. दुहेरी कापडानं गाळतात की आत्या, तिनं मला समजावलं. आमच्यात सगळे असंच समजतात. मीही त्या दिवसापर्यंत समजत होते. कापडानं किडा अडतो, विष अडत नाही, एवढं साधं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण गाळणं हे आमच्यासाठी आपला जीव वाचवायला नव्हतंच कधी.

रात्री अण्णा पाणी घेत नाही, म्हणून मला सकाळपर्यंत उसंत मिळाली. पहाटे निघाले. गाडी अंगणात लावून तशीच विहिरीकडं पळत गेले. अण्णा पाणी गाळून बसला होता. घागर भरलेली, तांब्या धुऊन ठेवलेला, शेजारी कडीच्या कळशीत जिवाणी. मी आधी तांब्या उचलून लांब ठेवला आणि मग बोलायला लागले. काय काय बोलले आठवत नाही, आवाज चढला होता एवढं खरं. बोलता बोलता मी त्याच्या मानेकडं बघत होते. ती जरा पुढं झुकलेली होती. नेहमी अशीच असते का, मला काही केल्या आठवेना. बारीक नजरेची चित्रकलेची बाई मी, आणि सख्ख्या भावाची मान कशी असते ते मला माहीत नव्हतं.

त्यानं फोटो बघितले. चष्मा वर करून, मोबाइल डोळ्याजवळ नेऊन, एकेक. विषाचं त्यानं काही विचारलं नाही. हा कुठं हाय, एवढंच विचारलं आणि उठला.

पक्षी कालच्या जागेपासून हातभर लांब होता, काठाला लागलेला. मान पूर्ण पाण्यात गेली नव्हती, एका वाळक्या देठावर अडकली होती म्हणून श्वास चालू होता. आसपास बगळे, दोन पाणकोंबड्या, पोट फुगलेले मासे. वास कालच्यापेक्षा उग्र. मी ओरडले, हात लावू नकोस. अण्णानं हात लावला नाही. तो चिखलात मांडी घालून बसला, त्याच्या जवळ वाकला आणि णमोकार मंत्र म्हणायला लागला. मरणाऱ्याच्या कानात म्हणतात तसा, हळू, एकेक अक्षर स्पष्ट. अव्वाला म्हटला होता, वहिनीला म्हटला होता. त्या लाल डोळ्यावर पडदा येत होता आणि जात होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग पडदा आला आणि तिथंच थांबला.

आम्ही विहिरीवर परत आलो. मला वाटलं आता तरी हा नळाच्या पाण्याला हो म्हणेल. अण्णानं जिवाणीची कळशी उचलली, दोरी कडीतून घातली, काठावर वाकला आणि थांबला. हात तसाच धरून उभा राहिला. दोरी हलत होती. मग त्यानं कळशी परत दगडावर ठेवली.

"ह्यास्नी आता कुठं सोडू, तंगी?" तो म्हणाला. तंगी म्हणजे धाकटी बहीण. घरात मला दुसरं नाव नाही.

मला इतका संताप आला. मी म्हणाले, ओत कुठंही, आणि आधी तू नळाचं पाणी पी. तुझ्या पोटात ते काल गेलंय, परवा गेलंय, महिनाभर गेलंय. तुला काय झालं तर ह्या किड्यांनी मला भाऊ द्यायचा आहे का?

"महिनाभर मी ह्यास्नी त्यातच सोडलं," तो म्हणाला.

आदल्या संध्याकाळपासून त्याच्या पोटात पाणी नव्हतं. ऊन वर आलं. सुनंदा रडकुंडीला आली, मी नळाचं पाणी गाळून आणलं, डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरनं मान, डोळे, हात तपासले, आत्ता काही दिसत नाही पण लक्ष ठेवा म्हणाला आणि पाणी पाजा म्हणाला. जसं काही आम्ही ते अडवून ठेवलं होतं. अण्णा माझ्यावर रागावत नव्हता, हेच वाईट होतं. तो कळशीला सावली करून बसला होता, तापेल म्हणून.

मी फोन घेऊन बसले. सगळ्या सोयऱ्यांना विचारलं, विहीर आहे का, उघडी, हातानं पाणी ओढता येईल अशी. मावसभावाच्या विहिरीवर गोठा बांधलाय. दुसऱ्याची मातीनं भरून टाकली, पोरं पडतात म्हणून. तिसरा हसला आणि म्हणाला, आता विहीर कोण ठेवतंय, बोअर मारलाय की. पाणी नव्हतं असं नव्हतं. सगळ्यांकडं रग्गड पाणी होतं, फक्त जमिनीला कुठं तोंड राहिलं नव्हतं.

चारच्या सुमाराला सुनंदा डेअरीत दूध घालून आली ती धावतच. तिथं येणाऱ्या एका बाईच्या माहेरी, सहा किलोमीटरवर माळाला, बांधीव विहीर आहे, पायऱ्यांची, रहाट शाबूत. तळ्यापासून लांब, मधे टेकाड. अण्णानं विचारलं, पाणी जितं हाय? सुनंदा म्हणाली, उन्हाळ्यातही आटत नाही म्हणतात. तेव्हा तो उठला. उठताना त्याचा तोल गेला, मी धरलं. अव्वाचा जिथलं तिथं हा नियम त्यानं दहा वर्षांत कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला. कळशी मांडीवर घेऊन, तोंडावर ओलं फडकं धरून तो गाडीत बसला आणि मला खड्ड्यातून जपून चालव म्हणाला.

विहीर खरोखरच देखणी होती. काळा दगड, कमान, आत गार. शेतकरी पन्नाशीचा, हातात वैरणीचा भारा. आम्ही कोण, कशासाठी आलो ते ऐकून त्यानं भारा टाकला. "पाण्याला कुणी इचारतंय व्हय पावणं? घ्या की," म्हणाला आणि स्वतः दोर आणून दिला.

सूर्य टेकाडावर आला होता. मी अण्णाला म्हणाले, आधी पी. त्यानं ऐकलं नाही. आधी त्यानं सकाळची जिवाणी सोडली. दोरी हात-हात सोडत, कळशी पाण्याला टेकेपर्यंत, आणि ती कलंडल्यावर वाकून बघत राहिला. मग घागर ओढली. गाळताना कापडाचं एक टोक मी धरलं. नवीन जिवाणीही सोडून झाली. मग कुठं तांब्या भरला, वर धरून घटाघटा प्यायला, एक, आणि अर्धा आणखी. गळ्याचा मणी वर-खाली होताना मी बघत होते. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

"गोड हाय," अण्णा म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू आलं.

शेतकऱ्याला बरं वाटलं. तो भारा उचलत म्हणाला, "गोड असणारच की. आमच्या इहिरीला सवताचं पाणी कुठलं, माळ हाय सगळा. तुमच्या बस्तीमागच्या तळ्यातनं पाइपलाइन टाकलीया. गेल्याच आठवड्यात काठोकाठ भरून घेतली."

मी अण्णाकडं बघितलं. त्याच्या हातातल्या तांब्यात अजून घोटभर पाणी होतं. तो तांब्याकडं बघतच नव्हता. कमानीला धरून तो विहिरीत बघत होता.